बिनस्क्रूची पिन

ईडीपीत नोकरी केलेल्या माणसाच्या घरी एक खण हमखास असतो. त्यात सगळ्या जुन्या वायरी. कुठली कशाची हे त्यालाही सांगता येत नाही, पण फेकायची छाती होत नाही. त्यातली एक ओढली की गुंतलेल्या पाच बाहेर येतात. किश्श्यांचंही तेच. परवा भाच्यानं नवा लॅपटॉप दाखवला. कडेला मोजून दोन भोकं! मी म्हटलं, बाकीची कुठं गेली रे? तर म्हणे, मामा, लागतातच कशाला? झालं, माझा खण उघडला.

ईडीपी म्हणजे तेव्हाचा कॉम्प्युटर विभाग. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक एसी. एसी माझ्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. आमची कंपनी सिन्नरच्या एमआयडीसीत. प्लॅस्टिकच्या बादल्या, मग, डबे ज्या साच्यांतून निघतात, ते लोखंडी साचे आम्ही करायचो.

शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या हॉलमध्ये, सहा मशिनं. चार नंबरचं, लोखंड कोरणारं मिलिंग मशिन सगळ्यांत जुनं. त्याला सगळे ‘चौथी’ म्हणत. ती चालवायचे नाना सानप. ते सिन्नरजवळच्या खेड्यातले, सायकलवर येणारे, खिशात कायम रुमालाऐवजी तेल पुसायचं कॉटन वेस्ट.

चौथीला लॅपटॉपमधून प्रोग्रॅम द्यावा लागे आणि तो एकाच वाटेनं, नऊ पिनांच्या जुन्या सिरियल पोर्टातून. तिची मेमरी एवढीशी. अख्खा प्रोग्रॅम मावायचा नाही. लॅपटॉपनं ओळ ओळ द्यायची आणि तिनं कापत जायचं, लहान पोराला घास भरवतात तसं. मध्ये वायर हलली की मशिन बंद आणि साचा वाया.

नानांना दुसरं मशिन येत नव्हतं आणि कुणी शिकवायच्या भानगडीत पडलं नव्हतं. त्यामुळे पोर्ट गेला की चौथी जाणार आणि चौथी गेली की नाना जाणार, हे शॉपमध्ये सगळ्यांना पाठ होतं. पुढचे सगळे किस्से याच एका भोकाभोवतीचे आहेत.

*

पहिला लॅपटॉप आला पंच्याण्णवच्या सुमाराला. वजन असं की मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या. पण पाठ बघावी तर पोर्टच पोर्ट! नऊ पिनांचा, पंचवीस पिनांचा, कीबोर्डचा, माउसचा, शिवाय कडेला फ्लॉपीची फट.

थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. त्या दिवशी शॉपमध्ये काम बंद. मशिनं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू वाहायचं, पेढे खायचे. झेंडू दरवर्षी आमच्याकडचा. मखमलाबादला आमचा मळा आहे, त्यामुळे मौले म्हटलं की कॉम्प्युटरच्या आधी लोकांना फुलं आठवायची.

सुट्टीनंतर आलो तर लॅपटॉप चौथीशी बोलेचना. केबल काढून बघतो तो काय, नऊ पिना लालभडक! ओलं कुंकू आतपर्यंत गेलेलं आणि मधोमध एक तांदूळ. फ्लॉपीच्या फटीतही अक्षता.

मी तडतडतच नानांकडे गेलो. नाना शांत.

“मौलेभाऊ, लेथला आपण फिरणाऱ्या चकला कुंकू लावतो, पत्र्याला नाय लावत. काम जिथनं होतं तिथं कुंकू. मंग हिचं काम कुठनं होतं? भोकातनंच ना?”

मी टूथब्रश आणला. स्पिरिट घेऊन दोन तास पिना घासत बसलो. त्या दिवसापासून नियम केला की लॅपटॉपला कुंकू फक्त झाकणावर. नानांनी तो पाळला, पण दरवर्षी झाकणाला बोट लावताना पुटपुटायचे, नवरीचं कुंकू तिच्या ट्रंकेला लावल्यासारखं वाटतंय म्हणून.

*

आमची कंपनीची मिनीबस सकाळी नाशकातल्या द्वारका चौकातून सुटायची. सिन्नर येईपर्यंत बसमध्ये वाद घालणं हा एकच उद्योग.

दोन हजार तीनच्या आसपास माझ्या हातात नव्या लॅपटॉपचं पत्रक आलं. सिरियल पोर्ट नाही, प्रिंटरचा पोर्ट नाही, फ्लॉपी नाही. सगळ्याला एकच ती चपटी यूएसबीची पिन. जाडी वहीएवढी. मला नवं काही दिसलं की राहवत नाही. मी बसमध्ये त्या पत्रकावरून कीर्तनच लावलं. जुनं काढल्याशिवाय नवं येत नाही, बैलगाडीचं जू कुणी मोटारीला बांधून ठेवतं का, वगैरे.

परचेसच्या शोभाताई गोसावी खिडकीशी बसायच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, मिक्सर आला म्हणून मी खलबत्ता फेकला, तर लाईट गेल्यावर वेलदोडे कशानं कुटू? मी म्हणालो, पूडच विकत आणा. त्यावर अख्ख्या बसचे दोन तट पडले. एकानं तर त्याच्या आजोबांचा अडकित्ता मध्ये आणला.

मोहदरी घाट चढून वर आलो आणि बस बंद पडली. स्टार्टर गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, जुन्या गाडीला पुढून हँडल मारायची सोय होती, दोन फेऱ्यांत चालू व्हायची. या नव्या गाडीला ते भोकच ठेवलेलं नाही.

सगळे पुरुष खाली उतरले. मी बरोब्बर मागच्या दिव्यापाशी, शर्टाच्या बाह्या वर. शोभाताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मौले, जुनं काढल्याशिवाय नवं येत नाही ना? मग ढकला.”

*

तरीही लॅपटॉप मी तोच घेतला. वर्षभरानं मंजुरी मिळाली तेव्हाही माझं प्रेम कमी झालं नव्हतं.

गेटवर खैरनार हवालदार असायचे. सटाण्याकडचे, मिलिटरीतून रिटायर झालेले. कोणे एके काळी आमचं एक ड्रॉइंग बाहेर गेलं होतं, तेव्हापासून नियम असा की गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरची फ्लॉपीची फट तपासायची. खैरनार बटण दाबायचे, फटीत वाकून बघायचे आणि रजिस्टरमध्ये ‘रिकामी’ लिहायचे. त्यात कधी खंड नाही.

नवा लॅपटॉप पहिल्यांदा घरी न्यायला निघालो. खैरनारांनी तो उभा धरला, आडवा धरला, उलटा केला.

“फ्लॉपी कोठे शे?”

मी म्हणालो, नाहीच.

“मंग कोनी काढी?”

मी सांगितलं, बनवणाऱ्या कंपनीनंच काढली. तर ते म्हणाले, काढली तर काढल्याचा कागद असेल की. मी म्हणालो, हवालदार, ती कधी बसवलीच नव्हती. म्हणाले, बसवली नाही तर काढली कशी म्हणता? तिकडे बस हॉर्न मारतेय आणि इकडे माझी उलटतपासणी चाललेली!

शेवटी त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘लॅपटॉप नग एक. फ्लॉपीची जागा जन्मापासून नाही. मौले यांच्या सांगण्यावरून.’ खाली माझी सही घेतली.

माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात त्या वेळी पेन ड्राइव्ह होता. बॅकअपसाठी घेतलेली कंपनीची सगळीच्या सगळी ड्रॉइंगं त्यात. खैरनारांनी खिसाही चाचपला. पेन ड्राइव्ह बोटानं नीट आत ढकलला आणि म्हणाले, वाकताना पडेल, जपून ठेवा.

*

मग पुण्याहून भार्गवेसाहेब आले, नवे प्लँट हेड. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना जुनं काही दिसलं की शिंका यायच्या. चौथी तोवर जुन्याच लॅपटॉपवर चालत होती; त्याच महिन्यात त्यानं मान टाकली. स्क्रीन काळा पडला तो पडलाच. दुरुस्त करून आणू म्हटलं तर सुटे भाग मिळेनात.

साहेबांनी शॉपमध्ये, सगळ्यांच्या देखत सांगितलं की नवा लॅपटॉप चौथीला जोडून बुधवारी एक पूर्ण जॉब, म्हणजे एक साचा, काढून दाखवा. निघाला तर चौथी राहील. नाही निघाला तर दसऱ्याआधी ती भंगारात जाईल आणि नाना व्हीआरएसचा फॉर्म भरतील.

नाना कॉटन वेस्टनं हात पुसत राहिले. जेवणाच्या सुट्टीत नळावर डबा धुताना मला एवढंच म्हणाले:

“तीन वर्षं ऱ्हायलीत, मौलेभाऊ. घरी बसून मी काय करू?”

मला फार वाईट वाटलं. लॅपटॉप मीच निवडला होता, मीच बसमध्ये कीर्तन केलं होतं. तीन दिवस जेवण गोड लागेना.

नव्या लॅपटॉपला जुनी केबल जोडायची तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. एका टोकाला यूएसबीची पिन, दुसऱ्या टोकाला आपला नऊ पिनांचा पोर्ट. नाशकात हिंडून तीन आणले. तिन्ही पोरं सारखीच निघाली. दहा मिनिटं शहाण्यासारखी वागायची, मग चौथी मध्येच थांबायची. मी सेटिंग बदललं, सॉफ्टवेअर बदललं, दुकानदाराशी भांडलो.

नाना पिन हातात घेऊन बघायचे. जुन्या पिनेला दोन्ही बाजूंनी स्क्रू असायचा, पिळला की विषय संपला. हिला स्क्रूच नव्हता. “स्क्रू नाय ती जोडणी कसली? हे नुसतं टेकवलेलं हाय.” मी हसलो. नाना, म्हटलं, आता सगळी दुनिया याच पिनेवर चालते. नाना म्हणाले, दुनिया हालत नसंल, चौथी हालती.

आणि बुधवारी सकाळी मला कळलं की म्हातारा बरोबर बोलत होता!

केबल जेमतेम दीड हात. त्यामुळे लॅपटॉप चौथीच्याच अंगावरच्या पत्र्याच्या फळीवर ठेवावा लागे. मशिन कापायला लागलं की फळी थरथरायची आणि ती बिनस्क्रूची पिन केसभर बाहेर सरकायची. तेवढ्यानं सगळं बंद. मी सहज अंगठ्यानं पिन दाबून धरली, तर मशिन चालतच राहिलं. अंगठा काढला, थांबलं. चिकटपट्टी लावून पाहिली, ती त्या तेलकट फळीपाशी धरेना. आणखी काही सुचायच्या आत भार्गवेसाहेब शॉपच्या दारात दिसले.

*

जॉब होता पस्तीस मिनिटांचा.

मी चौथीला टेकून उभा राहिलो, गप्पा मारायला उभं राहतात तसा. उजवा हात पाठीमागे, अंगठा पिनेवर. नाना समोर पॅनलपाशी, नजर कटरवर. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि स्टार्ट दाबला.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. शॉपमधले सगळे आपापली मशिनं सोडून बघायला आलेले. शोभाताईसुद्धा परचेसमधून खाली आल्या होत्या. मग चहा आला. साहेबांनी स्वतः कप उचलून माझ्यापुढे धरला. डाव्या हातानं साहेबांच्या हातचा कप घ्यायचा? मी म्हणालो, नको साहेब, उपास आहे.

साहेब म्हणाले, उपासाला चहा चालतो की.

मी म्हणालो, निर्जळी आहे.

“बुधवारी? पितृपक्षात?”

मी नुसती मान हलवली. साहेबांनी माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. शोभाताईंनी मात्र डोळे बारीक केले, कारण सकाळी बसमध्ये त्यांच्या डब्यातला अर्धा पराठा मीच खाल्ला होता.

विसाव्या मिनिटाला माझा मोबाइल वाजला. तोही उजव्या खिशात. वाजत राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, घरचाच असेल. तो तीनदा वाजला. खरंच घरचा होता, झेंडूच्या भावाचं विचारायला.

पंचविसाव्या मिनिटाला अंगठ्याची जाणीव गेली. तो माझा आहे की चौथीचा, कळेना. घाम असा की शर्ट पत्र्याला चिकटला. मनात एकच, आता सुटला तर नाना गेले.

आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, बघू तरी तुमचा तो कन्व्हर्टर, आणि वळसा घालून माझ्या बाजूला यायला निघाले.

दोन पावलं आले असतील, तोच कटर थंड ठेवणाऱ्या कूलंटचा फवारा उडाला. पांढरं तेलकट पाणी थेट साहेबांच्या बुटांवर. साहेब टुणकन मागे. नाना लगबगीनं नळ्याशी खटपट करत म्हणाले, माफ करा साहेब, जुना नळा हाय, कधीमधी वळतो. साहेब रुमालानं बूट पुसत बसले ते पुढची सात-आठ मिनिटं. मी मनातल्या मनात त्या नळ्याला हात जोडले, डावा तेवढा रिकामा होता.

जॉब पूर्ण झाला. मशिन थांबलं. नानांनी साचा काढून पुसला, साहेबांनी बोट फिरवून फिनिश पाहिलं, मापं घेतली. सगळं बरोबर. साहेब म्हणाले, ठीक आहे, चौथी राहू द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण उजवा हात वाजतच नव्हता.

नाना टाळ्या वाजवत नव्हते. ते चौथीच्या पत्र्यावर हात ठेवून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं, पण अंगठ्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. साहेबांच्या कानावर जायला नको, हे एक, आणि नव्या लॅपटॉपची एवढी तरफदारी केल्यावर सांगणार कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी नानांना म्हणालो, ही पिन धक्क्यानं हलू नये म्हणून एक छोटासा क्लॅम्प करून द्याल का? नानांनी कशासाठी, काय, काही विचारलं नाही. संध्याकाळी पितळेचा क्लॅम्प आणून दिला. चौथीवरच केलेला, दोन्ही बाजूंनी दोन स्क्रू. तो पिळल्यापासून पिन एकदाही हलली नाही.

*

त्या निर्जळीनं माझा पिच्छा सोडला नाही. भार्गवेसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं की आपले मौले फार कडक आहेत. खंडेनवमी आली तेव्हा म्हणाले, यंदा पूजेला मी नाही, मौले बसतील. शोभाताई म्हणाल्या, बसतीलच, त्यांची तपश्चर्या मोठी आहे.

झेंडू घरचा, पूजेला मी. उपरणं घेऊन पाटावर बसलो, आरती झाली. मग नेहमीप्रमाणे नाना कुंकवाची वाटी घेऊन शॉपमध्ये फिरायला निघाले आणि मी अक्षतांचं ताट घेऊन त्यांच्या मागे. साहेब बरोबर होतेच.

लेथच्या चकला कुंकू. ड्रिलला कुंकू. चौथीपाशी आल्यावर नाना जरा थांबले. तिच्या कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला कुंकू लावलं. लॅपटॉप फळीवर होता. नियमाप्रमाणे झाकणाला लावतील म्हणून मी बघत होतो, पण त्यांनी झाकणाला हातच लावला नाही. पितळेच्या क्लॅम्पच्या दोन्ही स्क्रूंना एकेक टिकली लावली.

मग वाटी डाव्या हातात घेतली, माझ्या हातातलं ताट काढून चौथीवर ठेवलं, माझा उजवा हात धरला आणि अंगठ्याला कुंकू लावलं. चांगलं ओलं, नखापासून खालपर्यंत. वर चार अक्षता.

साहेब बघत होते. म्हणाले, नाना, अंगठ्याला का हो?

“चौथीच्या पूजेत असतंय तसं, साहेब,” नाना म्हणाले, आणि वाटी घेऊन पाचव्या मशिनकडे गेले.